स्वीडनमधील ऑनलाइन जुगार : नियमन आणि बाजारपेठ

स्वीडनमध्ये इंटरनेटवर चालणारे कॅसिनो, सामन्यांवरच्या आणि घोड्यांवरच्या पैजा, पोकर व बिंगो यांचे नियमन १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या जुगार कायद्यानुसार होते. त्यापूर्वी हा सगळा व्यवहार कागदोपत्री सरकार आणि सरकारमान्य संस्था यांच्या मक्तेदारीत होता. प्रत्यक्षात ऑनलाइन बाजाराचा मोठा घास माल्टामध्ये नोंदलेल्या कंपन्यांनी केव्हाच घेतला होता. नव्या कायद्याने त्यांना परवाना, कर आणि देखरेख या अटींवर आत घेतले. देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे. परवानाधारकांकडे लागलेल्या पैशांतून बक्षिसे वजा जाता वर्षाला सुमारे २७ ते २८ अब्ज क्रोना उरतात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा ऑनलाइन खेळ व पैजा यांचा असतो.

पूर्वपीठिका : जुगार स्वीडिश माणसाला नवा नव्हता, पण त्याची ओळख शनिवार दुपारचा घरगुती खेळ अशी होती. १९३४ पासून चालत आलेल्या ‘स्ट्रिकटिप्सेत’च्या कूपनावर तेरा फुटबॉल सामन्यांचे निकाल ओळखायचे असतात : यजमान जिंकणार तर १, बरोबरी तर एक्स, पाहुणे जिंकणार तर २. हिवाळ्यात स्वीडनची मैदाने बर्फाखाली गेली की कूपनावर इंग्लंडमधले सामने येत. १९६९ पासून त्यातला एखादा सामना दूरचित्रवाणीवर थेट दिसू लागला आणि लिव्हरपूल, वुल्व्हज ही नावे स्टॉकहोमच्या घरांत गावच्या संघांइतकी ओळखीची झाली.

दुसरी परंपरा दुडक्या चालीच्या शर्यतींची. यात घोड्याने चौखूर उधळायचे नसते. मागे दोन चाकांची हलकी गाडी आणि तीत बसलेला सारथी असतो. या शर्यतींवरच्या पैजा १९७४ पासून एटीजी ही कंपनी घेते. तिची मालकी घोडेशर्यतींच्या दोन महासंघांकडे असल्यामुळे नफा तबेल्यांकडे आणि धावपट्ट्यांकडे परत जातो. १९९३ मध्ये आलेल्या व्ही-७५ या पैजेत सात शर्यतींचे विजेते ओळखायचे असत आणि एका ओळीला अर्धा क्रोना पडे. कचेरीतल्या दहाबारा जणांनी वर्गणी काढून मोठे कूपन लावायचे, ही पद्धत त्यात रूढ होती. लॉटऱ्या सरकारी कंपनीखेरीज क्रीडासंस्था आणि सेवाभावी संघटनाही चालवत. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्याही स्वतःच्या लॉटऱ्या आहेत. सत्तेवर असताना जुगाराचे नियम करणारा पक्षच लॉटरी विकतो, याचे तिथे फार काळ कुणाला वावगे वाटले नाही.

फुटबॉलचे कूपन चालवणारी आणि लॉटरी चालवणारी अशा दोन सरकारी कंपन्या एकत्र करून १९९७ च्या आरंभी ‘स्वेन्स्का स्पेल’ ही कंपनी झाली. तिचे मुख्यालय गोटलंड बेटावरच्या विस्ब्यू गावात आहे. त्याच १९९७ मध्ये आंदेर्श स्ट्रोम या स्वीडिश तरुणाने लंडनमध्ये युनिबेट सुरू केली. पुढच्या वीस वर्षांची गोष्ट या दोन कंपन्यांच्या पाठशिवणीची आहे.

मक्तेदारीला पडलेली भोके : १९९४ च्या लॉटरी कायद्यानुसार परदेशी जुगाराची जाहिरात करणे हा स्वीडनमध्ये गुन्हा होता. परदेशी कंपनीकडे पैज लावणे हा मात्र गुन्हा नव्हता. या फटीतून बाजार वाहत गेला. युनिबेट, बेट्सन आणि पुढे लिओव्हेगास यांचे संस्थापक स्वीडिश, भांडवल बरेचसे स्टॉकहोमच्या शेअर बाजारातले, गिऱ्हाईक स्वीडिश. परवाना तेवढा माल्टाचा. स्लीएमा आणि सेंट ज्युलियन्स या माल्टाच्या उपनगरांत स्वीडिश बोलणाऱ्या ग्राहकसेवा-तरुणांची वस्तीच झाली. टीव्ही ३ आणि कॅनॉल ५ या वाहिन्यांचे प्रक्षेपण लंडनहून होत असल्याने त्यांना ब्रिटनचे जाहिरात-नियम लागू होत. त्यामुळे स्टॉकहोममधला प्रेक्षक जी जाहिरात रोज पाहत होता, ती स्वीडिश कायद्याच्या दृष्टीने स्वीडनमध्ये दाखवलीच जात नव्हती.

वृत्तपत्रांना अशी सोय नव्हती. ‘एक्सप्रेसेन’ आणि ‘आफ्तोनब्लादेत’ या दोन खपाच्या दैनिकांनी परदेशी कंपन्यांच्या जाहिराती छापल्या, तेव्हा त्यांच्या संपादकांवर, ओट्टो शोबेर्य आणि आंदेर्श येर्दिन यांच्यावर, खटले भरले गेले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ८ जुलै २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, खाजगी नफ्यासाठी चालणाऱ्या परदेशी जुगाराच्या जाहिरातीवर बंदी घालता येते. मात्र विनापरवाना देशी जुगाराच्या जाहिरातीला सौम्य शिक्षा आणि परदेशी जुगाराच्या जाहिरातीला कडक, असा दुजाभाव चालणार नाही. निकाल सरकारच्या बाजूने दिसत असला तरी शिक्षेची तरतूदच त्यामुळे लुळी पडली. मक्तेदारीचे समर्थन ‘लोकांना जुगारापासून जपण्यासाठी’ असे केले जाई. पण स्वेन्स्का स्पेलने २००६ मध्ये स्वतःच ऑनलाइन पोकर सुरू केल्यावर त्या समर्थनातली हवा गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने स्वीडनला न्यायालयात खेचण्याचा निर्णय घेतला.

कायद्याची घडण : जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचे माजी महासंचालक हॉकन हालस्टेड्ट यांच्यावर सरकारने नव्या व्यवस्थेचा आराखडा सोपवला. त्यांचा अहवाल मार्च २०१७ मध्ये आला. मंत्री अर्दलान शेकाराबी यांनी त्यावर आधारलेले विधेयक मांडले आणि जून २०१८ मध्ये रिक्सदागने, म्हणजे संसदेने, ते संमत केले. बाजाराचे तीन भाग पडले. ऑनलाइन कॅसिनो आणि पैजा स्पर्धेला खुल्या झाल्या. लॉटरी आणि बिंगोचा एक भाग लोकोपयोगी संस्थांसाठी राखला गेला. जमिनीवरचे कॅसिनो आणि खेळयंत्रे सरकारकडे राहिली. खुल्या भागात कमाईवर १८ टक्के कर ठरला. परवान्याच्या अर्जाला ऑनलाइन खेळ किंवा पैजा यांपैकी एकासाठी ४ लाख क्रोना आणि दोन्हींसाठी ७ लाख क्रोना शुल्क, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. पहिल्याच वर्षात साठहून अधिक कंपन्या परवाना घेऊन बसल्या.

देखरेख ‘स्पेलइन्स्पेक्शोनेन’ या निरीक्षणालयाची. त्याचे कार्यालय राजधानीत नसून मेलारेन सरोवराकाठच्या स्ट्रेंग्नेस या छोट्या गावात आहे.

नियमांचा गाभा : खाते उघडताना खेळाडूची ओळख पटवावी लागते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी मोबाइलवरच्या ‘बँक-आयडी’ने काही सेकंदांत होते. त्यानंतर दिवसाला, आठवड्याला आणि महिन्याला किती पैसे भरणार, याचे तीन आकडे खेळाडूने स्वतः घातल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. आकडा कितीही मोठा घालता येतो, हे या नियमातले उघडे गुपित. प्रत्येक पानावर तीन चिन्हे दिसत राहिली पाहिजेत : एक स्वतःची मर्यादा ठरवण्याचे, एक स्वतःची सवय तपासण्याचे आणि एक थांबण्याचे. कंपनीने उधार द्यायचे नाही. बोनस एकदाच द्यायचा, तोही ग्राहक पहिल्यांदा येईल तेव्हा. ऑनलाइन कॅसिनोचे अर्थकारणच पुन्हापुन्हा दिल्या जाणाऱ्या बोनसवर उभे असल्यामुळे कंपन्यांना ही अट सर्वांत जास्त झोंबली. नियम मोडल्यास उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो किंवा परवाना जाऊ शकतो. ‘निंजा कॅसिनो’ चालवणाऱ्या कंपनीचा परवाना जून २०१९ मध्येच काढून घेतला गेला.

थांबण्याचे चिन्ह म्हणजे ‘स्पेलपाउस’ ही राष्ट्रीय नोंदवही. एकदा नाव घातले की एक, तीन किंवा सहा महिने, अथवा ‘पुढील सूचनेपर्यंत’ कोणत्याही परवानाधारकाकडे खेळता येत नाही. शेवटचा पर्याय निवडल्यास किमान एक वर्ष नाव निघत नाही. त्या व्यक्तीला थेट जाहिरात पाठवण्यालाही बंदी आहे. एक लाखाहून अधिक लोकांनी यात नाव घातले आहे. सगळ्या कायद्यात खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष काही देणारी हीच एक गोष्ट, असे म्हणता येईल. तिच्यावरच विनापरवाना बाजाराने धंदा उभारला : ‘स्पेलपाउसशिवाय कॅसिनो’ अशी उघड जाहिरात करणारी पाने इंटरनेटवर ढिगाने आहेत, आणि त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे नेमके ज्याने स्वतःहून थांबायचे ठरवले होते तो माणूस.

पैजांबाबत आणखी काही बंधने आहेत. ज्या सामन्यात बहुसंख्य खेळाडू अठरा वर्षांखालचे आहेत त्यावर पैज घेता येत नाही. पहिल्याच वर्षी अनेक कंपन्यांना याच कारणावरून दंड झाला. २०२१ पासून फुटबॉलमधल्या पिवळ्या कार्डासारख्या नियमभंगांवरच्या पैजाही बंद झाल्या, कारण अशी कार्डे विकत घेणे निकाल विकत घेण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

नव्वद टक्क्यांचा हिशेब : हा कायदा एका आकड्यावर तोलला गेला आहे. स्वीडिश लोक जेवढा जुगार खेळतात त्यातला किमान ९० टक्के परवानाधारकांकडे व्हावा, हे उद्दिष्ट ठरले. त्यामुळे कोणत्याही नव्या बंधनावर पहिला प्रश्न ‘याने नुकसान किती टळेल’ असा येत नाही. ‘याने किती खेळाडू बाहेर पळतील’ असा येतो. निरीक्षणालयाच्या अलीकडच्या अंदाजात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. एटीजी आणि ऑनलाइन कंपन्यांची संघटना बीओएस यांचे अंदाज त्याहून खाली असतात, विशेषतः कॅसिनोपुरते. बाहेरचा बाजार कोणाला हिशेब देत नाही. म्हणजे छेद अंदाजाचा आणि त्यावर बेतलेली टक्केवारी धोरणाचा पाया. ज्याला जे धोरण हवे, त्याला तसा आकडा सापडतो.

याची सर्वांत ठळक झटापट कोविडकाळात झाली. क्रीडास्पर्धा बंद पडल्या, माणसे घरी बसली आणि ती कॅसिनोकडे वळतील या भीतीने सरकारने २ जुलै २०२० पासून ऑनलाइन कॅसिनोत आठवड्याला ५,००० क्रोनांहून अधिक भरण्यास मनाई केली. बोनसवर १०० क्रोनांची मर्यादा आली. कंपन्यांनी ओरड केली की खेळाडू विनापरवाना साइटवर जातील. खरी गंमत निराळीच होती : मर्यादा माणसाला नव्हे, कंपनीला लागू होती. पाच ठिकाणी खाती काढली की आठवड्याला २५,००० क्रोना भरण्याची वाट मोकळी. सर्व कंपन्यांची खाती एकत्र मोजणारी यंत्रणा उभी न करता मर्यादा घालणे हा देखावा होता, असेच म्हणावे लागते. नोव्हेंबर २०२१ च्या मध्यात ती उठली.

बाजार आणि कर : बाजार खुला झाल्यावर जुन्या मक्तेदारांचे हसे होईल, असा अनेकांचा होरा होता. तसे झाले नाही. एटीजीला सामन्यांवरच्या पैजा आणि कॅसिनोही विकता येऊ लागले आणि शनिवारच्या शर्यतींचे गिऱ्हाईक तिच्या हाती होतेच. स्वेन्स्का स्पेलचा कॅसिनोही ऑनलाइन आला. उलट माल्टाहून आलेल्यांपैकी अनेकांची मालकी बदलली : मिस्टर ग्रीन २०१९ मध्ये विल्यम हिलकडे, लिओव्हेगास २०२२ मध्ये अमेरिकेच्या एमजीएमकडे, आणि युनिबेटची मूळ कंपनी किंड्रेड २०२४ मध्ये फ्रान्सच्या लॉटरी कंपनीकडे गेली. पडद्यामागे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनाही १ जुलै २०२३ पासून परवाना लागतो, म्हणजे विनापरवाना साइटला माल पुरवून स्वीडनमध्ये सभ्यपणे धंदा करण्याची वाट अरुंद झाली. १ जुलै २०२४ पासून कर १८ वरून २२ टक्के झाला. सर्वांत मोठा आवाज एटीजीचा होता, कारण तिचा घटलेला नफा म्हणजे घोडेपालकांचे घटलेले बक्षीस.

सरकार इथे मालक, करवसुलीदार आणि पोलीस असे तिन्ही आहे. मार्च २०२४ मध्ये निरीक्षणालयाने स्वेन्स्का स्पेलच्या ऑनलाइन उपकंपनीला, वाहवत चाललेल्या खेळाडूंकडे वेळीच लक्ष दिले नाही म्हणून, १० कोटी क्रोनांचा दंड केला. पैसे एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात गेले हे खरे, पण निरीक्षणालय घरच्या कंपनीला सोडत नाही एवढे त्यातून दिसले. जुगाराच्या व्यसनावर उपचार करणे २०१८ पासून नगरपालिका आणि प्रादेशिक आरोग्यसेवा यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

सरकारी मालकीच्या ‘कॅसिनो कॉस्मोपोल’ने २००१ ते २००३ दरम्यान सुंड्सवाल, माल्मो, गोथेनबर्ग आणि स्टॉकहोममध्ये कॅसिनो उघडले होते. ऑनलाइन स्पर्धेने ते रिकामे पडत गेले. सुंड्सवालचा कोविडनंतर उघडलाच नाही, मधले दोन २०२४ मध्ये आणि स्टॉकहोमचा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. २०२६ च्या आरंभापासून असे परवाने देण्याची तरतूदच कायद्यातून काढली आहे.

परिघाबाहेरचे : कायद्याची सर्वांत मोठी फट त्याच्या व्याप्तीत आहे. स्वीडिश बाजाराला ‘उद्देशून’ असलेल्या खेळालाच तो लागू होतो, आणि तो उद्देश ठरतो भाषा, चलन आणि जाहिरात यांवरून. साइट इंग्रजीत ठेवली, हिशेब युरोत केला आणि स्वीडिश जाहिरात टाळली, तर क्युरासाओ बेटाच्या परवान्यावर चालणारी कंपनी स्वीडिश खेळाडू घेऊनही कायद्याबाहेर राहू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीने ही कसोटीच बदलावी असे सुचवले : स्वीडनमधल्या माणसाला खेळता येत असेल तर स्वीडिश कायदा लागू. तसे झाले तरी क्युरासाओतल्या कंपनीला समन्स बजावून फारसे काही साधत नाही. पकड बसली तर ती पैसे पोचवणाऱ्या बँका, कार्ड कंपन्या आणि देयक-सेवांवरच बसेल. शेजारी नॉर्वे अजून आपल्या सरकारी मक्तेदारीला धरून आहे; फिनलंडने मात्र मक्तेदारी सोडून स्वीडनसारख्या परवाना पद्धतीकडे वळायचे ठरवले आहे.