कोयनेचा आलेख आणि आपले बऱ्हाणपूर

बऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की शाही किल्ला, कुंडी भंडारा आणि असीरगड यांचीच नावे आपण घेतो. आपल्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास मात्र सहसा निघत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. पुढे १९९८ मध्ये, आपण पूर्व निमाड जिल्ह्यात असताना, पंधाना भागात लहान धक्क्यांचे सत्र सुरू झाले.

जमीन किती हलली हे मोजायचे कसे? मोजणाऱ्यासकट सगळेच हलत असते. येथे जडत्व कामी येते. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. यंत्रातले स्प्रिंगला जोडलेले वजनही तसेच आपली जागा सोडायला तयार नसते; जमीन मात्र सरकते. हा फरक फिल्मवर उमटतो. याच तत्त्वावरचे संवेदक जायरोस्कोपच्या जोडीने समुद्राखालच्या पाणबुडीला बाहेरची खूण नसताना वाट दाखवतात. मोबाइल आडवा धरताच चित्र आडवे होते, तेही अशाच चिमुकल्या संवेदकामुळे.

या मोजमापाचे मोल कोयनेला कळले. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित, असा तेव्हा समज होता. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता. १९६२ मध्ये पाणी अडवल्यानंतर धक्के जाणवू लागले आणि तेथे यंत्रे बसवण्यात आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली. धरणाच्या गॅलरीतील यंत्राने तो हादरा टिपला. धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट! धरण उभे राहिले, पण वरच्या भागात, भिंतीचा उतार बदलतो तेथे, तडे गेले. पुढे त्याला आधार देऊन मजबूत केले. १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. धरणांचा अभ्यास करणारे अभियंते जगभर आजही तो आलेख वापरतात.

किल्लारीची आठवण तर गणेशोत्सवाशीच जोडलेली आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जड भिंती कोसळल्या आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो स्वतःच्याच घराने.

२००२ च्या नकाशात बऱ्हाणपूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवले आहे. आम्हा मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची घरे तीन-चार पिढ्यांची आहेत. माती-विटांच्या जुन्या भिंतींवर आम्हीच नवा स्लॅब टाकतो, वर पाण्याची टाकी चढवतो. यंत्र धक्क्याचा हिशेब देईल, भिंत सावरणार नाही. म्हणून मजला चढवण्याआधी जाणकार अभियंत्याकडून पाया आणि भिंती तपासून घेऊ या. पूर्वजांनी राखलेले घर पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट द्यायचे, तर एवढे करायलाच हवे.