मांजर, पांजरपोळ आणि श्रावकाचा विवेक

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त जीवदयेच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. विषय मोठा आणि लेखणी लहान, म्हणून त्यातील एकच धागा हाती घेतो. मंदिराच्या आवारात एका बाजूस कबुतरांसाठी ज्वारी टाकली जाते आणि दुसऱ्या बाजूस, भोजनशाळेच्या पायरीशी, मांजरांसाठी दुधाची वाटी ठेवली जाते. दोन्ही कृत्ये करुणेपोटी होतात. परंतु या दोन ठिकाणांमधील अंतर जेमतेम वीस पावलांचे आहे, आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या सेवकास तेथे पिसे का सापडतात, याचा विचार आपण फारसा करीत नाही. वाटी ठेवणाऱ्यास विचारले, तर ‘मांजर माझे नाही’ हेच उत्तर मिळते. मग ते कोणाचे?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या आचार्यांनी तो फार पूर्वी विचारात घेतला होता, हे अनेकांना ठाऊक नसते. बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी चालुक्य नरेश कुमारपाल यांच्यासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्यात श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजेच पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांपैकी एक ‘असतीपोषण’. धनप्राप्तीसाठी पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांचे पालन करणे यात मोडते, आणि या यादीत मांजराचाही स्पष्ट उल्लेख आहे. दिगंबर परंपरेतही हाच सूर आढळतो. स्वामी कार्तिकेयांच्या ‘कार्तिकेयानुप्रेक्षा’ या प्राकृत ग्रंथात मांजरादी हिंसक जीव बाळगणे हे अनर्थदंडात गणले आहे. शस्त्र विकणे आणि मांजर पाळणे हे तेथे शेजारी शेजारी येतात.

प्रथमदर्शनी हे कठोर वाटते. दूध पिऊन आपल्या पायाशी अंग घासणाऱ्या त्या जीवाची तलवारीशी बरोबरी कशी करावी? पण यात मांजराचा द्वेष नाही. मांजर आपल्या स्वभावानुसार वागते. त्याच्या ठायी व्रत नाही आणि व्रतभंगही नाही. प्रश्न आहे तो त्याला पोसणाऱ्याचा. ज्याच्या अन्नावर ते वाढते आणि ज्याच्या अंगणातून ते शिकारीस निघते, त्या मनुष्यास त्या शिकारीचा काही अंश लागतो की नाही, एवढेच आचार्य विचारतात. ‘जबाबदार प्राणिपालन’ हा आजचा शब्दप्रयोग आपण परका समजतो. त्यातील मूळ विचार मात्र आपल्या श्रावकाचाराच्या ग्रंथांत पूर्वीपासूनच नांदत आहे.

तरीही मांजर आपल्या समाजाच्या जीवनात आलेच, आणि ते धान्याच्या वाटेने आले. हा इतिहास केवळ आपला नव्हे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात मनुष्यालगत पुरलेले मांजर सापडले, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेती आली, कोठारे आली, उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर आले. कोणी त्याला बांधून आणले नाही, तसे त्याला कोणी पुरते आपलेही म्हटले नाही. आमच्या आजोबांच्या आडत दुकानात पोत्यांच्या थप्पीवर एक करडी मांजर सदैव बसलेली असे. आजोबा रात्रिभोजनाचा त्याग कसोशीने पाळीत. उंदीर मारण्याचे औषध दुकानात आणू देत नसत. मांजरीबद्दल विचारले तर म्हणत, “ती आपली नाही, येते आणि जाते.” तिची पिल्ले मात्र दरवर्षी थप्पीमागेच होत. त्या उत्तरातील पळवाट मला फार उशिरा कळली.

विदर्भात या संबंधाला एक वेगळेच वळण मिळाले होते. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, प्लेगचा उद्रेक झाला. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखवले, परंतु ते सर्वमान्य व्हावयास आणखी दहाएक वर्षे लागली. त्यानंतर १९०८ च्या सुमारास अमरावतीस नियुक्त असलेले भारतीय वैद्यकीय सेवेतील लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी असे प्रतिपादन केले की, ज्या खेड्यांत घरोघरी मांजरे आहेत, तेथे प्लेग सहसा शिरत नाही. सबब लोकांनी मांजरे पाळावीत. वऱ्हाडातील गावांच्या निरीक्षणावर आधारलेला हा सल्ला विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो मनुष्यास होऊ शकतो, हे आज माहीत आहे. म्हणून तो सल्ला जसाच्या तसा कोणी देणार नाही. परंतु तत्कालीन श्रावकाच्या मनाची स्थिती कल्पून पाहावी. सरकार उंदीर मारावयास सांगते, ते त्याला मान्य नाही. मांजर ठेवावे, तर उंदीर मरतातच. फक्त मारणारा हात आपला नसतो. अनेकांनी या दुसऱ्या मार्गावर समाधान मानले असेल, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आज आपल्याला नाही.

आता पांजरपोळेकडे वळू. जीवदयेची ही संस्था गुजरातेत फार जुनी आहे. १५८३ मध्ये हिंदुस्थानात आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने खंबायतेचे वर्णन करताना तेथे लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी रुग्णालये असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे १६२३ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानेही तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. परदेशी प्रवाशांना या गोष्टीचे नवल वाटे. चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत मांजराचे नाव आहे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईच्या पांजरपोळेचा जन्म मात्र एका दंगलीतून झाला. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने कंपनी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढीत असे. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. दर कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस असल्याने शिपाई रस्त्यावरची सोडून घरांच्या ओट्यांवरची, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून हा पारशी बांधवांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात ठिणगी पडली. पारशांसोबत हिंदू, जैन आणि मुस्लिम व्यापारीही उतरले, दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. पारशी समाजात श्वान पूज्य, आपल्याकडे जीवमात्र रक्षणीय. कारणे निराळी, पण बाजारपेठ एक झाली.

या प्रकरणाच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे, तिकडे इतिहासकार क्वचितच बोट दाखवतात. कोणते कुत्रे पाळलेले आणि कोणते मोकाट, हे ओळखण्याची कोणतीही खूण नव्हती. लोक कुत्र्यांना भाकरी घालीत, त्यांच्यासाठी प्राण पाखडीत, पण ‘हे माझे’ असे कोणी दारावर लिहिले नव्हते. मालकी धूसर होती म्हणूनच शिपायाचे फावले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजाचे धुरीण शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक यांमुळे शेठजींचे नाव घरोघरी आहे. भुलेश्वरातील हे कार्य त्या मानाने कमी आठवले जाते. जे जीव कोणाचेच नाहीत, त्यांची जबाबदारी समाजाने नाव घेऊन, जागा देऊन, खर्च उचलून स्वीकारली, हे त्या स्थापनेचे खरे मोल आहे.

परंतु गाय पांजरपोळेत राहते, मांजर राहत नाही. भिंत त्याला अडवीत नाही, आणि कोंडून ठेवली तर दाटीमुळे मांजरांत रोग झपाट्याने पसरतात. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. त्यातील पिल्ले किती जगतात, हे पावसाळ्यात कोणत्याही गल्लीत दिसते. दुसरीकडे पक्ष्यांचा संहार. न्यूझीलंडजवळील स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृहाबरोबर मांजर गेले आणि उडता न येणारा एक चिमुकला पक्षी अल्पावधीत त्या बेटावरून, आणि पर्यायाने पृथ्वीवरून, नाहीसा झाला. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. आपल्याकडील परिस्थिती वेगळी असेल, पण हे सर्व पंचेंद्रिय जीव आहेत, हे वेगळे सांगावयास नको.

येथे श्रावकापुढे खरा पेच उभा राहतो. संख्या आटोक्यात आणण्याचा आज सर्वत्र स्वीकारलेला उपाय म्हणजे निर्बीजीकरण. आणि त्याच पंधरा कर्मादानांत ‘निर्लांछन’ हेही एक आहे! जनावरांचे नाक टोचणे, डाग देणे, खच्ची करणे, कान कापणे हे सारे त्यात येते. म्हणजे पोसावे तर असतीपोषण, आणि शस्त्रक्रिया करवावी तर निर्लांछन. काही ज्येष्ठ श्रावक या कारणाने शस्त्रक्रियेस विरोध करतात; तो विरोध अज्ञानातून येत नाही आणि त्याची थट्टा करू नये. माझे मत नम्रपणे सांगतो. कर्मादाने ही मुळात उपजीविकेची साधने म्हणून सांगितली आहेत. बैलाकडून अधिक काम घेण्यासाठी, त्याचा भाव वाढावा यासाठी, शुद्धीवर असलेल्या प्राण्यास दिलेली ती वेदना होती. भूल देऊन, लाभाची अपेक्षा न ठेवता, उपासमारीत जन्मणाऱ्या पुढच्या पिल्लांचे आणि त्यांच्या तोंडी जाणाऱ्या पाखरांचे दुःख टळावे म्हणून केलेली क्रिया त्याच पंक्तीत बसवता येईल, असे मला वाटत नाही. ज्यांना शंका असेल, त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना अवश्य विचारावे.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राण्यास अन्न, पाणी, निवारा न देणे आणि त्याला वाऱ्यावर सोडून देणे हा अपराध ठरवला. २००१ चे जन्मनियंत्रण नियम नावानेच कुत्र्यांपुरते होते. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून ‘कुत्रे’ हा शब्द गेला, आणि वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्याची योग्य जागा व वेळ ठरवण्याचे काम रहिवाशांच्या संघटनेकडे आले. ‘येते आणि जाते’ म्हणून हात झटकण्याची सोय हळूहळू संपत आहे.

आणखी एक अवघड गोष्ट लपवणे योग्य नाही. मांजर हा स्वभावतः आणि शरीररचनेनेही मांसाहारी जीव आहे. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला आहारातून मिळाले नाही, तर त्याची दृष्टी जाते, हृदय दुर्बळ होते. दूध-पोळीवर मांजर ‘शाकाहारी’ झाले, असे कौतुकाने सांगणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत. ते मांजर उरलेली भूक छपरावर भागवते, किंवा खंगते. ज्या घरास त्याचा आहार पुरवणे धर्मदृष्ट्या शक्य नाही, त्या घराने हौसेने पिल्लू विकत आणू नये. हेमचंद्राचार्यांचे सांगणे येथे अक्षरशः लागू पडते. दारी आधीच असलेल्या मांजरांची गोष्ट निराळी आहे. त्यांना हाकलणे ही दया नव्हे, आणि पोत्यात घालून गावाबाहेर सोडणे तर नव्हेच.

गेल्या चातुर्मासापूर्वी आपल्या आवारातील पाच मांजरांची शस्त्रक्रिया आणि रेबीजचे लसीकरण करून घेतले. खर्च जीवदया खात्यातून झाला. त्यावर सभेत बरीच चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. खूण म्हणून प्रत्येकीच्या एका कानाचे टोक किंचित छाटलेले आहे. १८३२ साली जी खूण नव्हती, ती आता आहे. कबुतरांचे दाणे आता भोजनशाळेपासून दूर, उंच चौथऱ्यावर टाकले जातात आणि उरलेले सूर्यास्तापूर्वी उचलले जातात. दुधाची वाटी पायरीवरून हलली आहे. ती ठेवणाऱ्या वयोवृद्ध श्राविकेने दोन मांजरी आपल्या घरी नेल्या, खिडक्यांना जाळी बसवून घेतली, आणि पशुवैद्याच्या कार्डावर मालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले.