निदानाचं दावं

नर्सिंग शिकणारी भाची परीक्षेची उजळणी करत होती. ‘हृदय थकलं, तर सूज पायांवर का?’ मी विचारलं. तिने घडाघडा सांगितलं : हृदयाचा जोर कमी, म्हणून मूत्रपिंडांना रक्त अपुरं, शरीरात पाणीच कमी पडलंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, शिरांतला दाब वाढतो, पाणी झिरपतं आणि पायांत उतरतं.

कारणांची ही साखळी ऐकून मला ‘निदान’ हा शब्द आठवला. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘दा’, म्हणजे बांधणे, हा धातू. ऋग्वेदात निदान म्हणजे दोर. वासराचं ‘दावं’ही याच धातूचं. दोरावरून अर्थ गेला मूळ कारणाकडे, मग रोग ओळखण्याकडे. ‘शेवट’ हाही त्याचा जुना अर्थ. ‘निदान घोटभर पाणी तरी घे’ म्हणतो तो त्याच अंगाचा.

कारणापासून रोग घडत जातो, त्या वाटेला आयुर्वेदात ‘संप्राप्ती’ म्हणतात. पॅथोफिजिऑलॉजीला याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

‘म्हणूनच हृदय थकलेल्या रुग्णाचं रोज सकाळी वजन करायचं,’ भाची म्हणाली, ‘सूज दिसण्याआधी पाणी काट्यावर दिसतं.’