ऑर्कुट बुडालं, मायबोली तरली: भोर-वेल्ह्याच्या साईटसाठी एक जुना धडा



उन्हाळ्यात भाटघरचं पाणी तळाला गेलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एरवी पाण्याखाली असलेलं हे देऊळ बघायला माणसं चिखल तुडवत जातात. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी... धरणाखाली काय काय गेलं, ते आपल्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे.

पण आपलं आणखी एक गाव बुडालंय, आणि ते कुठल्याच उन्हाळ्यात वर येणार नाही. ते होतं ऑर्कुटवर.

हे आज आठवायचं कारण म्हणजे, "भोर-वेल्ह्याचं स्वतःचं फेसबुकसारखं काहीतरी काढू" असं आपल्याकडची पोरं अधूनमधून बोलतात. कल्पना चांगलीच आहे. मग पहिला वाद होतो तो सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर. कोण म्हणतं दिसायला भारी पाहिजे, कोण म्हणतं ॲप पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की आधी आपल्याच भाषेतला इतिहास बघा.

जानेवारी २००४ मध्ये गूगलने ऑर्कुट सुरू केलं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मराठी पोरं गावाच्या, गडाच्या, कॉलेजच्या नावाने तिथे 'कम्युनिटी' काढायची. फुकट होतं, सोपं होतं. सॉफ्टवेअर निवडायचा प्रश्नच नव्हता, कारण घरमालक दुसराच होता. ३० सप्टेंबर २०१४ ला त्याने घर बंद केलं. जाहीर चर्चांचा संग्रह काही काळ ठेवला, पुढे तोही काढून टाकला.

एकट्या ऑर्कुटचं असं झालं नाही. स्वतःचं सोशल नेटवर्क काढून देणाऱ्या 'निंग'ने २०१० मध्ये फुकटची सोय बंद केली. पैसे भरा, नाहीतर बिऱ्हाड उचला. याहू ग्रुप्स २०२० मध्ये कायमचं बंद झालं.

आता दुसरी बाजू. १९९६ च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू झाली, तीही अमेरिकेतून. तेव्हा ना फेसबुक होतं, ना गूगल. देवनागरी टाइप करणं हीच मोठी कटकट, म्हणून बरीच माणसं रोमन अक्षरांत मराठी लिहायची. पुढे युनिकोड रुळलं, साईट ड्रुपल नावाच्या सॉफ्टवेअरवर गेली, पण 'हितगुज'मधल्या जुन्या गप्पा त्यांनी वाचायला राखून ठेवल्या. घर बदललं, पण माजघरातली पेटी बरोबर नेली. मायबोली आजही चालू आहे.

मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे या साईटीही ड्रुपलवरच उभ्या राहिल्या. का? एक तर ते फुकट मिळतं आणि त्याची संहिता उघडी असते, म्हणजे आतलं यंत्र उघडून आपल्याला हवं तसं बदलता येतं. 'गमभन'सारखी टाइप करायची सोय त्यात बसवता आली. मनोगतने तर चक्क शुद्धलेखन तपासायची सोय केली. परक्याच्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागते. इथे हवी ती भिंत पाडता येत होती.

या ड्रुपलची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. २००० साली बेल्जियममध्ये ड्रीस बायटार्ट नावाच्या विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मित्रांसाठी एक छोटी साईट बनवली. नाव ठेवायचं होतं 'डॉर्प'. त्यांच्या डच भाषेत डॉर्प म्हणजे गाव! टाइप करताना चूक झाली आणि झालं 'ड्रॉप', म्हणजे थेंब. थेंबाच्या डच शब्दावरून पुढे ड्रुपल हे नाव आलं. म्हणजे मूळ कल्पना गावाचीच होती.

पण फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. ड्रुपलची सातवी आवृत्ती जगभर हजारो साईटींनी वापरली. तिची अधिकृत देखभाल जानेवारी २०२५ मध्ये थांबली, आणि सातव्यावरून पुढे जाणं म्हणजे जवळजवळ नवं घर बांधणं. कौलं शाकारायला दर पावसाळ्याआधी माणूस लागतोच.

आज पर्याय बरेच आहेत. नुसत्या चर्चेसाठी पीएचपीबीबी हे जुनं आणि हलकं आहे. वर्डप्रेसवर बडीप्रेस बसवलं की सभासदांची पानं, गट, निरोप असं सगळं मिळतं. भिंतीवर लिहिल्यासारखं हवं असेल तर मॅस्टोडॉन आहे, पण त्याचा सर्व्हर सांभाळणं जिकिरीचं. मला विचाराल तर आपल्यासाठी वर्डप्रेस आणि बडीप्रेस. ते सगळ्यात भारी आहे म्हणून नाही. ते येणारा माणूस पुण्यात सहज मिळतो म्हणून.

निवडण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, उद्या सोडायचं ठरलं तर सगळं लिखाण, फोटो आणि सभासदांची यादी उचलून नेता येईल का? दोन, डोंगरातल्या वाडीवर, जेमतेम रेंजमध्ये, साध्या मोबाइलवर पान उघडेल का? तीन, देवनागरीत शोधलं तर सापडेल का? चार, साईटचं नाव आणि पासवर्ड कुणाकडे? उत्साही पोराच्या नावावर सगळं घेतलं आणि तो परदेशी गेला, तर साईट गेलीच म्हणून समजा. नाव संस्थेच्या नावे घ्या. देवळाची किल्ली असते तशी दोन-तीन घरांत ठेवा.

आजही आपले जुने फोटो, वंशावळी, जत्रेच्या आठवणी, धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत पडून आहेत. एखाद्या आजोबांनी सांगितलेली बुडालेल्या वाडीची हकिकत मोबाइल बिघडला की संपली. त्या आजोबांना परत विचारता येईलच असं नाही.

कांबरेश्वराचं देऊळ दगडाचं होतं, म्हणून इतकी वर्षं पाण्यात राहूनही टिकलं. आपण जे बांधू त्याचा दगड म्हणजे आपल्या हातात असलेली प्रत. सॉफ्टवेअर बदलेल, बदलू दे. प्रत आपल्याकडे पाहिजे.

तुमच्याकडे असं काही जुनं असेल तर आजच त्याची एक प्रत काढून ठेवा. साईटचं नंतर बघू.