फॅन एडिट: आवडत्या सिनेमाला प्रेक्षकच कात्री लावतात तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यात नमन बघायला बसलेल्यांना वगाची गोष्ट बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. तरी लोक बसतात, कारण प्रत्येक गावचं मंडळ ती आपल्या पद्धतीनं बांधतं. एखादा प्रवेश लांबतो, एखादा गळतो, संवाद बदलतात. त्यावरून कुणी कुणाला कोर्टात खेचत नाही.

सिनेमाचं तसं नसतं. त्याची लांबी ठरलेली असते आणि त्याला मालक असतो. तरीही जगभरातले काही प्रेक्षक आवडता पण फसलेला सिनेमा घेतात आणि घरच्या कॉम्प्युटरवर तो पुन्हा कापतात, जोडतात. या नव्या आवृत्तीला ‘फॅन एडिट’ म्हणतात.

सुरुवात कुठून झाली?

घरगुती फेरसंपादनं आधीही होत होती, पण हा प्रकार गाजला ‘स्टार वॉर्स’मुळे. या मालिकेतला ‘द फँटम मेनेस’ 1999 मध्ये आला आणि अनेक जुने चाहते नाराज झाले. जार जार बिंक्स या पात्राचे विनोद त्यांना नकोसे वाटले, लांबलेले संवाद कंटाळवाणे वाटले. थोड्याच काळात त्या सिनेमाची एक निनावी आवृत्ती व्हिडिओ कॅसेटवर हातोहात फिरू लागली. तिचं नाव ‘द फँटम एडिट’. मूळ 136 मिनिटांचा सिनेमा तिच्यात सुमारे 118 मिनिटांवर आला होता. ती माईक निकोल्स या संपादकानं केली होती, हे नंतर उघड झालं.

2012 मध्ये अभिनेता टोफर ग्रेसनं आणखी पुढची मजल मारली. या मालिकेतले 1999 ते 2005 दरम्यानचे तीन सिनेमे मिळून जवळपास सात तासांचे होतात. त्यानं त्यांचा 85 मिनिटांचा एकच सिनेमा केला आणि तो फक्त निमंत्रितांना दाखवला.

नुसतं कापून गोष्ट सुधारते?

बऱ्याचदा हो. एखाद्या पात्राचं गुपित दहा मिनिटं उशिरा कळलं, तर तोच प्रसंग धक्का देतो. 1977 च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’चंही पहिलं संपादन जमलं नव्हतं. तो नव्यानं संपादित झाला आणि त्यासाठी मार्शिया लुकास, पॉल हिर्श आणि रिचर्ड च्यू यांना ऑस्कर मिळालं.

मर्यादाही आहेत. चाहत्याकडे कच्चं चित्रीकरण नसतं. संवादाखाली संगीत वाजत असेल, तर दृश्य कापताच सूर तुटतो. वाईट अभिनय कमी करता येतो, चांगला करता येत नाही.

दिग्दर्शकानंच बदल केले तर?

‘स्टार वॉर्स’चे कर्ते जॉर्ज लुकास 1988 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर गेले होते. जुन्या कृष्णधवल सिनेमांना नंतर रंग देणं, त्यात फेरफार करणं याला त्यांचा विरोध होता. पुढे 1997 मध्ये त्यांनी स्वतःचेच जुने सिनेमे बदलले. 1977 च्या सिनेमात हान सोलो समोरच्या ग्रीडोला गोळी घालून मोकळा होतो. नव्या आवृत्तीत आधी ग्रीडो गोळी झाडतो आणि सोलोचा स्वभावच मवाळ होतो.

मूळ आवृत्ती नंतर अनेक वर्षं चांगल्या दर्जात विकत मिळेना. तेव्हा पेत्र हार्माचेक या चेक चाहत्यानं वेगवेगळ्या स्रोतांतून दृश्यं जमवून 1977 चा सिनेमा पुन्हा उभा केला. इथे फॅन एडिटचं काम सुधारण्याचं नव्हतं, जपण्याचं होतं.

भारतात कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी वापर आणि समीक्षेसाठी काही सवलत आहे. मात्र पूर्ण सिनेमाची बदललेली प्रत परवानगीशिवाय सर्वांसाठी अपलोड करणं किंवा विकणं त्या सवलतीत बसणं अवघड आहे. कलम 57 नुसार, कलाकृतीची मोडतोड होऊन नावलौकिकाला धक्का बसला तर तिचा कर्ता दाद मागू शकतो. पण आपल्या कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे.

याचं महत्त्व ऑगस्ट 2025 मध्ये दिसलं. 2013 च्या ‘रांझणा’ची तमीळ आवृत्ती ‘अंबिकापथी’ पुन्हा प्रदर्शित झाली. हक्क असलेल्या इरॉस कंपनीनं एआयच्या मदतीनं शेवट बदलून मेलेल्या नायकाला जिवंत केलं होतं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी जाहीर निषेध केला, तरी सिनेमा प्रदर्शित झाला.

फॅन एडिट करणारा सहसा पैसे घेत नाही आणि ‘ही माझी आवृत्ती’ असं सांगतो. मूळ सिनेमाही जागेवर राहतो. त्यामुळे एखादी बदललेली आवृत्ती समोर आली की दोन गोष्टी तपासाव्यात: बदल केल्याचं स्पष्ट सांगितलंय का, आणि मूळ सिनेमा अजून बघायला मिळतो का?