एका विशेषणाची शिक्षा

संदिग्धता हे काव्याचे वैभव होय, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. हीच संदिग्धता दंडविधानात शिरली म्हणजे काय घडते, याचा धडा अमेरिकेतील एका कायद्याच्या इतिहासात सापडतो.

पूर्वी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने बंदूक बाळगणे हा तेथे गुन्हा आहे. १९८४ च्या कायद्याने, अशा माणसाच्या नावावर लूट वा घरफोडीच्या तीन शिक्षा असल्यास किमान १५ वर्षांचा कारावास ठरविला. १९८६ मध्ये त्या दोन नेमक्या शब्दांच्या जागी अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांबरोबर 'हिंसक गुन्हा' ही व्यापक संज्ञा आली. बळाचा वापर, घरफोडी, जाळपोळ, खंडणी, स्फोटके यांच्या शेवटी एक शेपूटही जोडले गेले : अन्यथा दुसऱ्यास शारीरिक इजा होण्याचा गंभीर धोका निर्माण करणारे वर्तन.

सारा घोटाळा या 'अन्यथा'ने केला. १९९० च्या निवाड्यानुसार न्यायाधीशाने आरोपीची प्रत्यक्ष कृती नव्हे, तर त्या गुन्ह्याची कायद्यातील व्याख्या वाचावयाची होती. त्यामुळे त्या गुन्ह्याचा 'सर्वसाधारण' प्रकार मनाशी कल्पून त्यातील धोका जोखणे ओघाने आले. मद्यपान करून वाहन चालविणे हिंसक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. पोलिसांना चुकवून वाहन पळविणे मात्र २०११ मध्ये हिंसक ठरले. अखेर २०१५ मध्ये, आखूड नळीची बंदूक जवळ बाळगणे हिंसक काय, या प्रश्नावरील जॉन्सन खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी ते कलमच संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरविले. बंदूक बाळगण्याच्या गुन्ह्याला तेव्हा एरवी कमाल शिक्षा १० वर्षांची होती. म्हणजे एका विशेषणाने माणसाच्या आयुष्यातील किमान ५ वर्षे गिळली असती. २०१६ मध्ये हा निर्णय जुन्या कैद्यांनाही लागू झाला.

तथापि व्याख्यानिष्ठ वाचनही निर्दोष नाही. बंदुकीसंबंधीच्या दुसऱ्या एका कलमाखाली २०२२ मध्ये लुटीचा 'प्रयत्न' हिंसक गुन्हा नाही असे ठरले. त्या खटल्यात तर साथीदाराच्या गोळीने एक माणूस ठार झाला होता! मृताच्या आप्तांना हे कसे पटावे?

तरीही आमचा कौल नेमक्या शब्दाच्या बाजूने आहे. कवितेचा अर्थ चुकला तर दुसरे वाचन शक्य असते. तुरुंगात गेलेली वर्षे पुन्हा वाचता येत नाहीत. म्हणून दंडविधानात अस्पष्टतेचा भार लिहिणाऱ्याने वाहावा, शिक्षा भोगणाऱ्याने नव्हे.