वऱ्हाडची रात्र आणि विजेचा भार

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर, पेढी नदीच्या कांठीं वलगांव आहे. गाडगेमहाराजांचा १९५६ सालीं येथेंच अंत झाल्यामुळें हें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. अशा गांवांतील जुनें वऱ्हाडी घर उन्हाळ्याचा विचार करूनच बांधलेलें असे. भिंती जाड मातीच्या, वर मातीचेंच धाबें, खिडक्या लहान. सूर्य मावळला कीं अंगणांत किंवा धाब्यावर बाजा पडत. मध्यरात्रीनंतर काळी जमीन निवे आणि झोंप लागे. साहेबांच्या बंगल्यांत मात्र वाळ्याच्या तट्ट्या व दोरीचा पंखा असे. तो ओढणाऱ्याचा घाम कोणी मोजला नाहीं!

वीज प्रथम आली ती उजेडासाठीं. अकोला जिल्ह्यांत पारस येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच अवघा ३० मेगावॅटचा होता. पुढें तेथें २५० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. दरम्यान शहरें पसरलीं. २००१ च्या शिरगणतींत साडेपांच लाखांची असलेली अमरावती २०११ मध्यें साडेसहा लाखांच्या जवळ पोंचली. शेतांच्या जागीं सिमेंट व डांबर आलें. दिवसां प्यालेलें ऊन तीं रात्रीं परत ओकतात. ही गोष्ट नवी नव्हे. शहराची रात्र खेड्याहून उष्ण असते, हें लंडनच्या ल्यूक हॉवर्डनें १८१८ पासून छापलेल्या आपल्या ग्रंथांत तापमापकानें दाखविलें होतें.

वऱ्हाडच्या कोरड्या हवेस कूलर चांगला मानवला. ओल्या गवतांतून वारा खेंचणाऱ्या या पेटीस वीज थोडी लागते, पाणी मात्र फार. वातानुकूलन यंत्राची भूक निराळीच: एक यंत्र सुमारें वीस पंख्यांची वीज खातें, आणि खोलींतील उष्णता गल्लींत टाकतें. ती सोसावयाची पत्र्याखालील शेजाऱ्यानें!

कोपऱ्यावरील रोहित्र, ज्यास लोक डीपी म्हणतात, पूर्वीं रात्रीं थंड होई. त्यांतील तेल आपली उष्णता भोंवतालच्या हवेस देतें; हवाच तापलेली आणि भार मध्यरात्रींहि चढलेला, मग फ्यूज जातो. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला. जिल्हाधिकाऱ्यांनीं १४४ कलम लावून कामगारांसाठीं पाणी व पंखे पुरविण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोंचली. तो तोंवरचा उच्चांक होता. अशा रात्रीं डीपी बंद पडली, कीं माणसें गच्चीवर जातात. पण धाब्याप्रमाणें ती निवलेली नसते. बादलीभर पाणी ओतलें तरी क्षणभर वाफ येते, आणि सतरंजी पुन्हा गुंडाळावी लागते.